सुईणीच्या माथींचा दोष

‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ असें आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायका म्हणत आल्या आहेत. दुसरा जन्म म्हणावयाचा तो अशासाठीं, कीं पहिला त्या वेळीं संपण्याचा संभव प्रत्येकीनें गृहीत धरलेला असे. मागील पिढ्यांतील कोणत्याहि कुटुंबाची वंशावळ उघडून पाहावी. एकाच पुरुषाच्या नांवापुढें प्रथम पत्नी, द्वितीय पत्नी, क्वचित् तृतीय पत्नी अशीं नांवें लागलेलीं दिसतात. त्यांतील पहिलें नांव अर्ध्यावरच कां संपलें, हें घरांतील जाणत्या माणसास विचारलें, तर पुष्कळदां उत्तर एकच मिळतें: ‘ती बाळंतपणांत गेली.’ हें उत्तर इतकें परिचयाचें होतें, कीं त्यापुढें ‘कां गेली?’ हा प्रश्न घालावा असें फारसें कोणास सुचत नसे.

प्रश्न सुचूं लागला, तेव्हां त्याचें उत्तरहि चटकन् सांपडलें. जुन्या काळीं दोष सटवाईचा, ग्रहांचा किंवा बाहेरच्या बाधेचा असे. सुशिक्षितांच्या काळांत तो सुईणीचा झाला. तिचे न धुतलेले हात, तिचीं मळकीं वस्त्रें, तिचें अज्ञान व तिचा हट्ट ह्यांची वर्णनें विलायतेंत आणि हिंदुस्थानांत सारख्याच आवेशानें लिहिलीं गेलीं. सुईण अगदींच निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं. आम्हांस येथें दाखवावयाचें आहे तें एवढेंच, कीं ज्यांनीं ज्यांनीं बाळंतिणींचे मृत्यु नीट मोजले, त्यांना त्यांना दोषाचा मोठा वाटा दुसरीकडे सांपडला. आणि बहुतेक वेळां तो मोजणाऱ्याच्या, अथवा त्याच्यासारख्याच शिकल्यासवरलेल्या माणसांच्या दारांत येऊन थांबला.

ह्या मोजणीचें एक जुनें व ठळक उदाहरण स्कॉटलंडांतील अॅबर्डीन शहराचें आहे. तेथें १७८९ पासून १७९२ पर्यंत सूतिकाज्वराची, म्हणजे प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत बाळंतिणीस येणाऱ्या मारक तापाची, सांथ चालू होती. अलेक्झांडर गॉर्डन नांवाच्या डॉक्टरानें ७७ आजारी स्त्रियांची यादी केली आणि प्रत्येकीचें बाळंतपण कोणीं केलें तें तिच्या नांवापुढें लिहिलें. यादी पुरी होतांच एक गोष्ट उघड झाली. ताप हवेंतून पसरत नव्हता. तो कांहीं ठराविक माणसांच्या मागोमाग घरोघर जात होता. १७९५ मध्यें गॉर्डननें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें रोग वाहणाऱ्या सुइणींचीं व डॉक्टरांचीं नांवें तर दिलींच, पण आपणहि पुष्कळ स्त्रियांपर्यंत हा रोग वाहून नेला अशी स्पष्ट कबुलीहि दिली. गांवाला हें सत्य मानवलें नाहीं. लोक त्याच्यावर उलटले. तो शहर सोडून आरमाराच्या नोकरींत परत गेला व १७९९ मध्यें निवर्तला.

पुढें अर्ध्या शतकानें व्हिएन्ना येथील मोठ्या सूतिकागृहांत हेंच सत्य आणखी धारदार होऊन समोर आलें. तेथें दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी बाळंतपणें करीत. दुसऱ्यांत शिकाऊ सुइणी करीत. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी मरण पावल्या. दुसऱ्या विभागांत शेकडा ३ सुद्धां नाहीं. शहरांतील गरीब बायका दुसऱ्या विभागांत जागा मिळावी म्हणून हातापायां पडत. डॉक्टरांना जें कळत नव्हतें तें त्यांना कळलें होतें. इग्नाझ सेमेल्वाइस ह्यानें १८४७ मध्यें कारण शोधून काढलें. विद्यार्थी प्रेतें फाडून तसेच बाळंतिणींकडे येत; सुइणींचा प्रेतांशीं संबंध नसे. त्यानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यांत हात धुण्याची सक्ती केली, आणि १८४८ सालीं पहिल्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेकडा दीडाच्याहि खालीं आलें. तरीहि आपले हात मृत्यूस कारण होतात ही गोष्ट त्याच्या अनेक व्यवसायबंधूंना सहन झाली नाहीं. सेमेल्वाइस १८६५ मध्यें वेड्यांच्या इस्पितळांत मरण पावला.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इंग्लंड उभें राहिलें तें ह्या पार्श्वभूमीवर. तोंपर्यंत पाश्चरनें सूतिकाज्वराचे जंतु दाखविले होते आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धति शस्त्रक्रियेंत रूढ झाली होती. तथापि सुशिक्षित इंग्रजाच्या मनांत बाळंतपणाच्या धोक्याचें चित्र म्हणून उभी होती ती डिकन्सनें ‘मार्टिन चझलविट’ ह्या कादंबरींत रंगविलेली दारूबाज म्हातारी, मिसेस गॅम्प. १९०२ मध्यें पार्लमेंटनें सुइणींचा कायदा केला. त्यानें सुइणींस परीक्षा, नोंदणी व देखरेख ह्या तिन्ही गोष्टी लागू झाल्या. १९१० पासून तर प्रमाणपत्रावांचून पैसे घेऊन नेहमीं हा धंदा करण्यास बंदी झाली. कायदा चांगला होता व त्यानें सुईणीचा दर्जा वाढविला, ह्यांत शंका नाहीं. परंतु त्याच्यामागील गृहीत मात्र जुनेंच होतें: सुईण सुधारली कीं मृत्यु थांबतील.

त्याच सुमारास दुसराहि एक विचार पुढें येत होता. प्रसूतीच्या दिवशीं जें घडतें त्याची तयारी आधींच्या महिन्यांत झालेली असते, म्हणून गर्भिणीचीच परिचर्या झाली पाहिजे, असा तो विचार होय. एडिंबरो येथील डॉ. जॉन विल्यम बॅलंटाइन ह्यांनीं १९०१ मध्यें एक लेख लिहून गर्भवतींसाठीं स्वतंत्र इस्पितळ असावें अशी मागणी केली. लवकरच तेथील सूतिकागृहांत गर्भवतींसाठीं एक खाट राखून ठेवण्यांत आली. एक खाट! आज जगभर जें प्रसूतिपूर्व शुश्रूषेचें जाळें पसरलें आहे, त्याचा आरंभ इतका लहान होता. बॅलंटाइन ह्यांचें लक्ष मुख्यतः गर्भांतील बालकावर होतें; जन्मतः विकृत मुलें व मृत जन्म ह्यांचा त्यांचा विशेष अभ्यास होता. आईचा विचार मुलाच्या मागोमाग आला, हेंहि त्या काळास धरूनच झालें. १९१५ मध्यें एडिंबरोंत गर्भवतींना तपासण्याचा बाह्य दवाखाना निघाला. १९१८ च्या कायद्यानें स्थानिक संस्थांना माता व बालकें ह्यांच्यासाठीं खर्च करण्याची वाट मोकळी करून दिली. आणि १९२९ मध्यें सरकारी आरोग्यखात्यानें तपासणीचें वेळापत्रकच घालून दिलें. सोळाव्या आठवड्यास पहिली भेट, नंतर चोविसाव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यास, तेथून छत्तिसाव्यापर्यंत पंधरवड्यास एकदां व पुढें दर आठवड्यास, असें तें वेळापत्रक होतें. वजन, लघवींतील अल्ब्युमिन, रक्तदाब, गर्भाची स्थिति व कटीचें माप ह्यांवर नजर ठेवावयाची. हीच चौकट थोड्याफार फरकानें पुढें कितीतरी देशांत चालू राहिली.

आतां वाचकांची अपेक्षा अशी असेल, कीं सुईण शिकली, दवाखाने निघाले, तेव्हां मृत्यु उतरले असतील. तसें झालें नाहीं, आणि ह्या इतिहासांतील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट हीच आहे. इंग्लंड व वेल्समध्यें १९०० सालीं जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारे १५४ पहिल्या वर्षांत दगावत. १९३० सालीं तो आंकडा ६० वर आला. मुलें वांचूं लागलीं. परंतु आयांच्या मृत्यूंचें प्रमाण हजारीं चारांच्या आसपासच राहिलें, आणि १९३० नंतर तर तें किंचित् वाढलें. वर्षाला सुमारे तीन हजार स्त्रिया बाळंतपणांत मरत होत्या. १९२४ मध्यें डॉ. जॅनेट कॅम्पबेल ह्या विदुषीनें ह्या विषयावर सरकारी अहवाल लिहिला. पुढें एका समितीनें एकेक मृत्यु तपासला व जवळजवळ निम्म्या मृत्यूंत टाळतां येण्यासारखा कांहींतरी दोष घडला होता असा निष्कर्ष १९३२ मध्यें मांडला.

ह्याहून विलक्षण आंकडा निराळाच होता. दारिद्र्यानें माणसें मरतात हें आम्ही जाणतों; परंतु १९३० ते १९३२ ह्या वर्षांच्या हिशेबांत वरच्या वर्गांतील बायकांत बाळंतपणाचे मृत्यु हजारीं ४.४४ आढळले, आणि अगदीं खालच्या मजूरवर्गांत ३.८९. जी बाई अधिक पैसे मोजूं शकत होती, तीच अधिक धोक्यांत होती! उलट खेड्यापाड्यांतून गरिबांच्या घरीं जाऊन बाळंतपणें करणाऱ्या, उत्तम शिक्षण घेतलेल्या परिचारिकांच्या हातून होणारे मृत्यु देशाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होते. ह्याचा उलगडा अभ्यासकांनीं पुढें असा केला. पैसेवाल्या घरीं डॉक्टर येई. तो घाईंत असे, क्लोरोफॉर्म देई, चिमटा लावी आणि पुढच्या रोग्याकडे निघून जाई. गरिबाघरची सुईण मात्र वाट पाहात बसे. तिला चिमटा लावण्याची परवानगीच नव्हती, आणि ती नसणेंच बाळंतिणीच्या पथ्यावर पडलें. शिवाय सूतिकाज्वराचे जंतु केवळ घाणेरड्या हातांवर नसतात. ते वरून निरोगी दिसणाऱ्या डॉक्टरच्या व परिचारिकेच्या घशांतहि राहतात, हें डोरा कोलब्रुक ह्या विदुषीनें १९३५ च्या सुमारास रुग्णांच्या आणि शुश्रूषकांच्या जंतूंचा मेळ घालून दाखविलें.

मग प्रसूतिपूर्व दवाखाने व्यर्थ ठरले काय? तसें म्हणणें चूक होईल. गर्भिणीच्या अंगावरची सूज, वाढता रक्तदाब व त्यामागून येणारे जीवघेणे झटके हे ओळखण्यास त्यांनींच शिकविलें. परंतु महिनोमहिने लघवी तपासून ऐन वेळीं बाळंतिणीला घाईच्या व जंतुयुक्त हातीं द्यावयाचें, म्हणजे दिंडीला कुलूप लावून वेशीचा दरवाजा उघडा ठेवण्यासारखेंच होतें. तो दरवाजा बंद झाला तो १९३५ नंतर. जर्मनींत डोमाक ह्यानें प्राँटोसिल हें औषध प्रसिद्ध केलें, आणि डोराचा भाऊ लेनर्ड कोलब्रुक ह्यानें लंडनच्या क्वीन शार्लट इस्पितळांत १९३६ मध्यें सूतिकाज्वराच्या ३८ रुग्णांस तें दिलें. त्यांपैकीं तीनच दगावल्या. पूर्वी त्याच इस्पितळांत ह्याच्या कितीतरी पट स्त्रिया दगावत. पुढें पेनिसिलिन आलें, रक्त देण्याची सोय झाली, आणि १९५० सालीं इंग्लंड व वेल्समधील मातृमृत्यूंचें प्रमाण हजारीं एकाच्याहि खालीं गेलें. जिच्यावर एवढे दिवस ठपका ठेवला, त्या सुईणीला १९३६ च्या कायद्यानें सरकारनें पगारी नोकरींत घेतलें, हाहि काळाचा न्यायच म्हणावयाचा.

विलायतेंतील ह्या वादाचे पडसाद आमच्याकडे उमटल्यावांचून राहणार नव्हते. कारण आमचीं इस्पितळें, आमचे कायदे व आमचे सुधारणेचे विचार बऱ्याच अंशीं त्याच वाटेनें येत होते. १८८५ मध्यें लेडी डफरिन ह्यांच्या नांवाचा निधि स्थापन झाला. मुंबईंत १८८६ मध्यें कामा इस्पितळ निघालें. त्याच वर्षीं आनंदीबाई जोशी ह्यांनीं फिलाडेल्फिया येथें पदवी घेतली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. १९०३ मध्यें लेडी कर्झन ह्यांनीं परंपरागत दायांस शिक्षण देण्यासाठीं निधि उभारला. पुण्यास १९०९ मध्यें स्थापन झालेल्या सेवासदनांत रमाबाई रानडे ह्यांनीं घरंदाज स्त्रियांस परिचारिकेच्या व सुईणीच्या शिक्षणाकडे वळविलें. विटाळाच्या कल्पनेनें जखडलेल्या समाजांत हें धाडस लहान नव्हतें.

परंतु दोषाचा रोख येथेंहि सुईणीवरच होता. १९२७ मध्यें कॅथरिन मेयो ह्या अमेरिकन बाईंचें ‘मदर इंडिया’ हें पुस्तक निघालें. त्यांत हिंदी दाईचें जें चित्र रंगविलें आहे, तें पाहून देशभर संताप उसळला. संताप योग्य होता. तथापि दाईच्या चालीरीतींत घातक असें पुष्कळ होतें, हें आम्हीं प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. जंतूंचें तिला ज्ञान नव्हतें आणि नाळ कापण्याचें तिचें साधन शुद्ध नसे. पण वाचकांनीं क्षणभर आपल्याच वाडवडिलांच्या वाड्यांत डोकावून पाहावें. घरांतील सर्वांत अंधारी, जेथें वाराहि शिरणार नाहीं अशी खोली बाळंतिणीला कोणीं दिली? फाटकीं, टाकाऊ वस्त्रें, मोडकी बाज आणि धुरानें कोंदलेली शेगडी कोणाची होती? विटाळ होईल म्हणून सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहात, आणि आंतील सारें काम, समाजानें जिला हलकी ठरविलें अशा बाईवर सोंपवीत. खोली सुईणीची नव्हती, खोली घराची होती. जें हातीं दिलें त्यांतच तिनें काम केलें. तिच्यावर ठेवलेल्या दोषाचा हा भाग आमच्या घरांचा आहे, तो आम्हीं उचलला पाहिजे.

मेयोबाईंना त्या वेळीं जीं अनेक उत्तरें मिळालीं, त्यांत आम्हांस सर्वांत वजनदार वाटतें तें डॉ. मार्गरेट बाल्फर ह्यांचें. कारण त्यांनीं संतापाऐवजीं आंकडे पुढें केले. ह्या एडिंबरोच्या विदुषी हिंदुस्थानांतील स्त्री-वैद्यकसेवेच्या प्रमुख होत्या व तेथून निवृत्त झाल्यावर मुंबईंत संशोधन करीत होत्या. मुंबईच्या इस्पितळांत पहिलटकरीण म्हणून आलेल्या ३०४ हिंदु स्त्रियांची त्यांच्याकडे नोंद होती. त्यांचें सरासरी वय १८.७ वर्षें भरलें. बालमातांचें दुःख खोटें होतें असा ह्याचा अर्थ नव्हे. पण तेंच सर्वत्र आहे हें मेयोबाईंचें म्हणणें टिकलें नाहीं.

बाल्फरबाईंचें खरें काम मात्र ह्या वादापलीकडचें होतें. बाळंतपणांत बाई मरते ती कशानें, हा प्रश्न त्यांनीं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें हातीं घेतला, आणि त्यांना एक उत्तर असें मिळूं लागलें, कीं ज्यांत सुईणीचा संबंधच येत नव्हता. पुष्कळशा गर्भवती स्त्रिया प्रसूतीच्या दिवसापर्यंत येतां येतांच पांढऱ्याफटक पडत. धाप लागे, पायांस सूज येई, आणि दुसरी बाई जो रक्तस्राव सहज सोसील, तेवढ्यानें हिचा प्राण जाई. हा भयंकर पांडुरोग गर्भारपणांतच उद्भवे. ह्याच्या शोधासाठीं १९२८ मध्यें बाल्फरबाईंच्या बोलावण्यावरून लंडनहून डॉ. ल्यूसी विल्स मुंबईस आल्या.

विल्सबाईंनीं आपल्या सहकाऱ्यांसह, म्हणजे मेहता व तळपदे ह्यांच्यासह, प्रथम रक्त तपासलें आणि नंतर स्वयंपाकघरें पाहिलीं. मुंबईंतील निरनिराळ्या वर्गांच्या व धर्मांच्या स्त्रिया काय खातात, कशा राहतात ह्याची त्यांनीं पाहणी केली. जेथें दूध, भाजीपाला व फळें ताटांत जवळजवळ येतच नसत, त्या गरीब घरांत, विशेषतः गोषांत राहणाऱ्या गरीब मुसलमान स्त्रियांत, हा रोग अधिक होता. मग त्यांनीं त्याच स्त्रियांचें अन्न गाभण उंदरांस घालून पाहिलें. उंदीर रोडावले व मेले. आहारांत यीस्ट घातल्यावर सुधारले. पुढें त्या उंदरांस उवांमुळें होणारा निराळा रोगहि होता असें दिसून आलें. पण तोंपर्यंत यीस्टचा धागा हातीं लागला होता. त्या काळीं अशा प्रकारच्या पांडुरोगावर यकृत खाऊं घालण्याचा नवा उपाय प्रसिद्ध होता. परंतु यकृत महाग, आणि आमच्याकडील कितीतरी घरांत निषिद्ध. विल्सबाईंनीं यीस्टपासून केलेला ‘मार्माइट’ हा विलायतेंतील साध्या न्याहारीचा काळसर पदार्थ रुग्ण स्त्रियांस दिला. मरणाच्या दारीं टेकलेल्या बायकांस भूक लागूं लागली, थोड्याच दिवसांत रक्त भरूं लागलें. १९३१ मध्यें हा शोध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला.

त्या पदार्थांतील गुणकारी अंश कोणता हें विल्सबाईंना ठाऊक नव्हतें. पण तो तेव्हांच्या शुद्ध केलेल्या यकृतसत्त्वांतील अंशाहून निराळा आहे, हें त्यांनीं ओळखलें. १९४१ मध्यें अमेरिकेंत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यांत आला, म्हणून पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक अॅसिड हें नांव पडलें. १९४५ मध्यें तो कृत्रिम रीतीनें तयार झाला. १९९१ मध्यें आणखी एका मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें, कीं हेंच द्रव्य गर्भधारणेच्या आधींपासून घेतल्यास मुलाच्या पाठीच्या कण्यांतील कांहीं भयंकर व्यंगें बव्हंशीं टळतात. आज जगाच्या पाठीवर कोठेंहि गर्भवतीच्या हातावर जी लहानशी गोळी ठेवली जाते, तिचें मूळ मुंबईच्या गरीब बायकांच्या रिकाम्या ताटांत आहे.

ताटाबरोबर विश्रांतीचाहि प्रश्न होता. मुंबईच्या गिरण्यांत हजारों स्त्रिया दिवस भरत आले तरी साच्यावर उभ्या असत. घरीं बसावें तर मजुरी बुडे. १९२८ मध्यें मुंबई कायदेमंडळांत प्रसूतिलाभाचें बिल चर्चेस आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं त्यास पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधींच्या काळांत मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे, म्हणून ह्या खर्चाचा भार बव्हंशीं सरकारनें सोसावा, असें त्यांनीं मांडलें. १९२९ मध्यें तो कायदा झाला. बॅलंटाइन ह्यांनीं जें इस्पितळाच्या भाषेंत मागितलें, तेंच येथें मजुरीच्या भाषेंत मागितलें जात होतें. विश्रांतीच्या दिवसांचे पैसे मिळणार नसतील, तर गर्भवतीस विश्रांतीचा सल्ला देणारा डॉक्टर आणि कांहींच न सांगणारा डॉक्टर ह्यांत तिच्या दृष्टीनें फारसा फरक नव्हता.

ह्या कामाचा पुढील धागा आमच्याच भाषेंत वाढलेल्या एका विदुषीच्या हातीं गेला. मराठी बोलणाऱ्या बेनेइस्रायल समाजांतील डॉ. जेरुशा झिराड ह्या १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या; त्या जागीं बसलेल्या पहिल्या हिंदी स्त्री त्याच. मुंबई शहरांतील बाळंतिणींच्या मृत्यूंच्या कारणांची त्यांनीं चौकशी केली व १९४१ मध्यें तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ‘बाळंतपणांत गेली’ ह्या जुन्या उत्तरापुढें ‘कां?’ हा प्रश्न ह्या शहरांत आतां पद्धतशीर विचारला जाऊं लागला होता. साऱ्या देशाचा हिशेब मात्र भयाण होता. भोर समितीनें १९४६ मध्यें असा अंदाज केला, कीं हिंदुस्थानांत दर हजार जन्मांमागें सुमारे वीस माता मरतात, म्हणजे वर्षाला सुमारे दोन लक्ष.

तेथून आपण फार पुढें आलों आहों. २०१८ ते २०२० ह्या काळांत भारतांत दर लाख जन्मांमागें ९७ माता मृत्यु पावल्या. भोर समितीच्या मापानें हाच आंकडा लाखीं दोन हजार होता. शिकलेली परिचारिका, इस्पितळांतील बाळंतपण, जंतुनाशक औषधें, रक्ताची सोय ह्या सर्वांचें तें फळ आहे. परंतु त्याच सुमारास, २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय पाहणींत आपल्या गर्भवती स्त्रियांपैकीं शेकडा ५२ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. विल्सबाई मुंबईस येऊन गेल्याला नव्वद वर्षें होऊन गेलीं, गोळी स्वस्त झाली, दवाखाना जवळ आला. तरी अर्ध्याहून अधिक गर्भवतींच्या अंगांत पुरेसें रक्त नाहीं. हा दोष आतां कोणत्या सुईणीच्या माथीं मारावयाचा?

आमच्याकडे गर्भिणीचे डोहाळे पुरविण्याची चाल फार जुनी आहे. तिला हवें तें खावयास घालावें, तिचें मन मोडूं नये, हें शहाणपण कोणत्याहि प्रयोगशाळेच्या पूर्वींचें आहे. सातव्या महिन्यांत तिला हिरवी साडी नेसवितात, फुलांनीं मढवितात, चौरंगावर बसवून पांच पक्वान्नें वाढतात. त्या दिवशीं ती सर्वांच्या आधीं जेवते. दुसऱ्या दिवसापासून मात्र पुष्कळ घरांत ती पुन्हां सर्वांच्या मागून पानावर बसते, आणि तिच्या वांट्याला उरलेलें येतें. गॉर्डनच्या यादीपासून विल्सबाईंच्या पाहणीपर्यंतचा सारा इतिहास आम्हांस जें सांगतो, तें ह्या एका चालींत सामावलेलें आहे. डोहाळजेवणाच्या दिवशीं आम्ही जें करतों तें बरोबर आहे. चुकतें तें एवढेंच, कीं तें एकच दिवस करतों.